मेंदूस्तंभातील गाठ : मुलांची आणि मोठ्यांची

रेवा_माहीम

गेल्या आठवड्यात इथे एका वडिलांनी विचारले होते की, मुलाच्या एमआरआयच्या अहवालात ‘ब्रेनस्टेम’ (मेंदूस्तंभ) हा शब्द आला म्हणजे आता करण्यासारखे काही उरले नाही असे समजायचे का. त्यांना दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला नवव्या वर्षी मेंदूस्तंभात गाठ असल्याचे निदान झाले. आज ती अठरा वर्षांची आहे आणि रोज माहीमहून लोकलने कॉलेजला जाते. तिच्या शेजारच्या खाटेवर सहा वर्षांचा एक मुलगा होता. तो निदानानंतर दहा महिन्यांनी गेला. दोघांच्याही अहवालात जागेचे नाव तेच होते. हा फरक कशामुळे पडला हे उलगडण्यात माझी पहिली दोन वर्षे गेली, आणि त्यानंतर परळला उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांबरोबर बसताना हेच पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे, की अहवालातले पहिले नाव हे फक्त पत्ता असते, आजार कोणता हे त्यापुढे विचारावे लागते.

मेंदूस्तंभ म्हणजे मोठ्या मेंदूला मेरुरज्जूशी जोडणारा, जेमतेम अंगठ्याएवढा भाग. वर मध्यमेंदू, मध्ये पॉन्स, आणि खाली शाळेच्या पुस्तकात आपण ‘मस्तिष्कपुच्छ’ म्हणून शिकलो तो मेड्युला. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी १० जोड्यांचा उगम इथे आहे. डोळे वळवणे, चेहरा हलवणे, चावणे, ऐकणे, तोल सांभाळणे, गिळणे, आवाज काढणे हे सगळे त्यांच्याकडे असते. हातापायांकडे जाणारे मार्गही इथूनच खाली उतरतात आणि श्वासाची लय व जागेपण यांची केंद्रे याच भागात असतात. मोठ्या मेंदूत काही महिने निमूट राहू शकेल एवढी गाठ इथे काही आठवड्यांतच स्वतःला दाखवते, याचे कारण ही दाटी.

मुलांमध्ये पालकांच्या लक्षात येणाऱ्या गोष्टी साध्या वाटतात. एक डोळा अचानक आत वळतो, मूल मान एका बाजूला कलती धरून पाहू लागते, हसताना चेहऱ्याची एकच बाजू हलते, जिन्यावर धडपड होते, बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो. सकाळी उठल्याउठल्या उलटी होणे आणि दिवसभर डोके दुखणे ही लक्षणे मेंदूतले पाणी अडल्याची असू शकतात. माझ्या मुलीची डोकेदुखी एका दवाखान्यात सहा महिने चष्म्याच्या नंबरावर ढकलली गेली. मोठ्या मुलाला किंवा प्रौढ माणसाला नव्याने तिरळेपणा आला, तर तो केवळ डोळ्यांचा प्रश्न मानून घरी परतू नये, एवढे मी आता ठामपणे सांगते. आणखी एक गोष्ट : डोक्याचा हा मागचा भाग जाड हाडांनी वेढलेला असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये त्याचे चित्र पुसट येते. सीटी ‘नॉर्मल’ आला आणि लक्षणे मात्र वाढतच आहेत, अशा वेळी औषध टोचून केलेला एमआरआय मागून घ्यावा.

आता प्रकारांकडे येते. माझ्या मुलीची गाठ मध्यमेंदूच्या मागच्या पातळ पडद्यावर होती, जिला टेक्टल ग्लायोमा म्हणतात (ग्लायोमा म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ). या गाठी बहुतेक वेळा वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात. त्रास होतो तो शेजारून जाणारी मेंदूतल्या पाण्याची अरुंद वाट दाबली गेल्यामुळे. तिच्या गाठीला कुणी हातसुद्धा लावला नाही. दुर्बिणीने मेंदूच्या आतल्या पोकळीच्या तळाला एक छोटे छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून दिली, आणि चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. त्यानंतर आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षाने एमआरआय. ‘गाठ आत आहे आणि आपण ती काढणार नाही’ हे वाक्य पचवायला मला फार वेळ लागला. नातेवाईकांपैकी प्रत्येकाने विचारले की, डॉक्टर काहीच कसे करत नाहीत.

शेजारच्या मुलाची गाठ पॉन्समध्ये, आणि पसरट, म्हणजे निरोगी भागात मिसळून पसरलेली होती. मुलांच्या मेंदूस्तंभातील गाठींपैकी सुमारे ७५ ते ८० टक्के या प्रकारच्या असतात, बहुधा पाच ते दहा वर्षे वयात दिसतात, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंत अनेकदा एक-दीड महिनाच गेलेला असतो. डॉक्टर तिला डीआयपीजी (डिफ्यूज इन्ट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा) म्हणतात. २०१२ मध्ये या गाठींच्या पेशींत हिस्टोन एच३ या प्रथिनाच्या जनुकातला एक ठरावीक बदल सापडला, आणि त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात तिला वेगळे नाव मिळाले. २०२१ मध्ये ते आणखी सुधारले गेले. अहवालात ‘डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा, एच३ के२७ आल्टर्ड’ असे लिहिलेले असले, तर ते हेच. निदानानंतरचा मध्यम आयुष्यकाळ (निम्मी मुले त्याआधीच जातात) ९ ते ११ महिने आहे आणि दोन वर्षांपुढे जाणारी मुले दहा टक्क्यांहून कमी असतात. हे आकडे लिहिताना हात थांबतो, पण ज्यांनी विचारले होते त्यांना गोल उत्तर देणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

या दोन टोकांच्या मधल्या गाठीही आहेत. पॉन्स किंवा मेड्युलाच्या मागच्या अंगाने बाहेर वाढणाऱ्या, किंवा मेड्युला आणि मान यांच्या सांध्यावरच्या गाठी अनेकदा पायलोसायटिक, म्हणजे संथ प्रकारच्या असतात आणि त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा खरोखर उपयोग होतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या मेंदूस्तंभातील गाठीही बऱ्याचदा मंद असतात, म्हणून अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावेत.

बाबा_बदलापूर

तो प्रश्न विचारणारा मीच. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याची गाठ तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारची आहे. तुम्ही आकडे लपवले नाहीत याबद्दल आभार मानतो. आम्हाला ते कुणी नीट सांगितले नव्हते, आणि मोबाइलवर वाचलेले खरे की खोटे ते कळत नव्हते. माझे दोन प्रश्न आहेत. बाहेर वाढणारी गाठ काढता येते, तर पॉन्समधली का नाही? आणि उपचार ठरलेलाच असेल तर बायोप्सीसाठी मुलाच्या डोक्याला भोक का पाडायचे?

डॉ_प्रभादेवी

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाच्या फिल्म्स मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे सर्वसाधारण उत्तर देतो.

पसरट गाठ ही शेंगदाण्यासारखी टरफलातून अलग होणारी वस्तू नसते. तिच्या पेशी पॉन्समधल्या निरोगी तंतूंमधून वाट काढत शिरलेल्या असतात, आणि जे तंतू त्या पेशींच्या आजूबाजूला अजून काम करत आहेत त्यांच्यावरच मुलाचे चालणे, गिळणे आणि श्वास अवलंबून आहे. सर्जनने गाठ म्हणून जे उचलावे, त्यात ते तंतूही निघून येतात. एकेकाळी मेंदूस्तंभातील सगळ्याच गाठींना हात न लावण्याचा नियम होता. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कचे सर्जन फ्रेड एपस्टाइन यांच्यासारख्यांनी दाखवून दिले की, मर्यादित जागेतल्या आणि बाहेर वाढणाऱ्या निवडक गाठी काढता येतात, आणि त्याच सुमारास आलेल्या एमआरआयमुळे त्या आधी ओळखता येऊ लागल्या. पसरट गाठींच्या बाबतीत मात्र तो जुना नियम अजूनही बरोबरच आहे.

बायोप्सीबद्दल. एमआरआयवर पॉन्स फुगलेला, निम्म्याहून अधिक व्यापलेला, पुढची बॅसिलर धमनी गाठीने वेढलेली, आणि लक्षणे थोड्या आठवड्यांची असे सगळे जुळत असेल, तर निदान चित्रावरूनच करण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ आहे. चित्र असे ठसठशीत नसेल तर तुकडा तपासलाच पाहिजे. ठसठशीत असतानाही हल्ली अनेक केंद्रे बायोप्सी सुचवतात, कारण पेशींतील बदल कळल्याशिवाय नव्या औषधांच्या चाचणीत मुलाला घेता येत नाही. अनुभवी हातांत ही सुई-बायोप्सी बऱ्यापैकी सुरक्षित असते, पण धोका शून्य नसतो. त्यामुळे ‘या निकालाने आमच्या मुलाच्या उपचारांत नेमके काय बदलेल?’ हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारा. त्याचे स्पष्ट उत्तर मिळाले तर बायोप्सी करून घ्या.

तंत्रज्ञ_परळ

मी किरणोपचार विभागात काम करतो. वॉर्डातल्या भाषेत सांगायचे तर ‘शेक’ देणारा. डीआयपीजीसाठी सर्वसाधारणपणे ५४ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) एवढी मात्रा ३० भागांत दिली जाते, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सुमारे सहा आठवडे. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच चालू असतात आणि ते दुखत नाहीत. मुलाला भीती वाटते ती चेहऱ्यावर बसणाऱ्या जाळीच्या मुखवट्याची. गरम पाण्यात मऊ करून तो चेहऱ्याच्या आकारात बसवतात, म्हणजे डोके रोज त्याच जागी राहते. बदलापूरच्या दादांना सुचवतो की, पहिल्या दिवसाआधी मुखवट्याचे जाळे मुलाच्या हातात देऊ द्या, खोलीत माईकवरून आईचा आवाज ऐकू येतो हे त्याला दाखवा. सहा-सात वर्षांची पुष्कळ मुले अशा तयारीने भूल न घेता स्थिर पडून राहतात. त्याहून लहानांना बहुधा रोज भूल द्यावी लागते, आणि रोज उपाशीपोटी यावे लागते.

बहुतेक मुलांमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फरक दिसतो. डोळा सरळ होऊ लागतो, चालणे सुधारते. हा काळ काही महिन्यांचा असतो, आणि कुटुंबांनी तो ओळखून वापरावा असे मला मनापासून वाटते. किरणोपचारानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत एमआरआयवर गाठ सुजल्यासारखी दिसू शकते. ती प्रत्येक वेळी वाढच असते असे नाही. पुढे आजार खरोखर उलटला, तर पहिल्या उपचारानंतर पुरेसे महिने गेलेले असल्यास कमी मात्रेत पुन्हा किरण देता येतात, त्याने लक्षणे काही काळ हलकी होतात.

प्रोटॉन किरणोपचाराबद्दल रोज विचारणा होते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ती सोय आहे. ज्या मुलाला संथ गाठीनंतर पुढची पन्नास वर्षे जगायचे आहे, त्याच्या निरोगी मेंदूवर कमी किरण पडावेत यासाठी प्रोटॉनचा विचार अर्थपूर्ण ठरतो. डीआयपीजीमध्ये प्रोटॉनने आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. त्यासाठी घर गहाण ठेवू नका.

सुहास_डोंबिवली

मोठ्यांबद्दल विचारतो. भावाचे वय ४३ आहे. दोन महिने चक्कर येते आणि वस्तू दोन दिसतात. आधी मानेच्या मणक्यांचा त्रास म्हणून पट्टा लावला होता. आता एमआरआयमध्ये पॉन्समध्ये डाग आहे आणि अहवालात ‘ग्लायोमा किंवा ट्यूबरक्युलोमा’ असे दोन्ही लिहिले आहे. वरचे सगळे वाचून घरचे हादरले आहेत.

डॉ_प्रभादेवी

सुहास, वरचे आकडे तुमच्या भावाला लावू नका. प्रौढांतील ग्लायोमांपैकी जेमतेम एक ते दोन टक्के मेंदूस्तंभात असतात, आणि त्यांचा स्वभावही वेगळा असतो. प्रौढांतल्या पसरट पण संथ प्रतीच्या गाठींचे रुग्ण किरणोपचारानंतर अनेक वर्षे काढतात. प्रौढांमध्ये एच३ के२७ बदलाच्या उग्र गाठीही आढळतात, पण मुलांच्या तुलनेत कमी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या देशात, आणि मुंबईसारख्या दाटीच्या शहरात तर विशेष, क्षयरोगाची गाठ, म्हणजेच ट्यूबरक्युलोमा, हा खरा, रोजच्या व्यवहारातला पर्याय आहे. मेंदूस्तंभातला ट्यूबरक्युलोमा क्षयाच्या औषधांनी आणि सोबतच्या स्टेरॉइडने विरघळतो. उपचार सहा महिन्यांचा नसून बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतो. म्हणून छातीचा सीटी, मानेतल्या आणि पोटातल्या गाठी, जुना खोकला, वजन घटणे, घरात कुणाला झालेला क्षय, हे सगळे नीट तपासले पाहिजे. फुप्फुसाशेजारी सोयीची लसिकाग्रंथी सापडली, तर मेंदूला न शिवताही निदान होऊ शकते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआय यंत्रावरच गाठीतली रसायने पाहणारी तपासणी) मदत होते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. शिवाय मज्जातंतूंच्या आवरणाचे आजार, सिस्टिसरकोसिस (फीतकृमीच्या अळीचा संसर्ग), दुसरीकडच्या कर्करोगाचा फैलाव, रक्तवाहिन्यांचा गुंता आणि हिमँजिओब्लास्टोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) ही नावेही यादीत असतात. यातल्या शेवटच्या दोहोंत सुई घालणे धोक्याचे असल्यामुळे बायोप्सीआधी चित्र पुन्हा बारकाईने पाहावे लागते. हे सगळे करूनही शंका उरली, तर प्रौढांमध्ये बायोप्सीकडे माझा कल स्पष्ट आहे. अशा बायोप्सीतून दहापैकी नऊहून अधिक वेळा निदान हाती येते. अंदाजावर किरणोपचार सुरू करणे आणि नंतर तो क्षय निघणे, हे टाळता येण्यासारखे आहे.

मनाली_ठाणे

गेल्या वर्षी अमेरिकेत या आजारावर गोळी निघाल्याचे वाचले. शिवाय ओळखीतल्या एकांनी फक्त गव्हांकुराचा रस आणि एका वैद्यांचे चूर्ण देऊन स्टेरॉइड बंद करायला सांगितले होते. कोणी सांगू शकेल का?

रेवा_माहीम

मनाली, ते औषध म्हणजे डॉर्डाव्हिप्रोन. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एच३ के२७एम बदल असलेल्या आणि आधीच्या उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी, एक वर्षावरील रुग्णांकरिता, त्याला त्वरित मान्यता दिली. ज्या ५० रुग्णांच्या नोंदींवर ती मान्यता उभी आहे, त्यांतील २२ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली. पण पॉन्समधल्या डीआयपीजीचे रुग्ण त्या ५० जणांत धरलेले नव्हते, आणि ही गोष्ट बातम्यांत क्वचितच सांगितली जाते. स्टॅनफर्डला रुग्णाच्याच टी पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) बदलून परत देण्याचे उपचार झाले. २०२२ आणि २०२४ मध्ये त्यांचे अहवाल आले, काही मुलांच्या गाठी खूपच लहान झाल्या, पण ते अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. नील आर्मस्ट्राँग यांची दोन वर्षांची मुलगी कॅरन जानेवारी १९६२ मध्ये याच आजाराने गेली. तिलाही किरणच दिले गेले होते. इतक्या वर्षांनी प्रथमच काही हलताना दिसते आहे, म्हणून मला आशा वाटते. मात्र त्या आशेवर आज कुणी कर्ज काढू नये.

चूर्णाबद्दल : सोबत काही द्यायचे असेल तर डॉक्टरांना सांगून द्या. स्टेरॉइड मात्र कुणाच्याही सांगण्यावरून एकदम थांबवू नका. मेंदूवरची सूज परत उसळते, आणि शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असल्यामुळे मूल कोसळू शकते. ते पायरीपायरीनेच उतरवायचे असते.

खर्चाचेही इथेच सांगते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार पहिल्याच दिवशी बरोबर ठेवा आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. मुंबईबाहेरून येणाऱ्यांसाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेल्या मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांत विनामूल्य राहता येते. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णाला प्रवास करता येतो, कागद जवळ ठेवा.

आई_लालबाग

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते आहे. माझा मुलगा डीआयपीजीने सात वर्षांचा असताना गेला. डॉक्टर सांगत नाहीत अशा काही घरगुती गोष्टी बदलापूरच्या दादांना सांगायच्या आहेत.

स्टेरॉइडने चेहरा फुगतो आणि भूक अनावर होते. माझा मुलगा रात्री दोन वाजता उठून वरणभात मागायचा आणि न मिळाल्यास इतका चिडायचा, की तो माझाच मुलगा आहे का असे वाटे. तो राग औषधाचा असतो. मी झोपण्याआधी डबा भरून उशाशी ठेवू लागले आणि रात्री शांत झाल्या. गिळायला जड जाऊ लागल्यावर पाण्याचा ठसका सर्वांत जास्त लागतो. घट्ट पेज, खिमट, मऊ भात, दही नीट जाते. बसवून, हनुवटी थोडी छातीकडे झुकवून भरवा. पापणी पूर्ण मिटत नसेल तर रात्री डोळ्यात मलम घालून ती अलगद चिकटवा. एकाचे दोन दिसत असेल तर डोळा झाका, पण आलटून पालटून, नेहमी एकच नको.

वेदनाशमन विभागात आम्हाला खूप उशिरा पाठवले गेले. मला वाटायचे, तिथे जाणे म्हणजे हार मानणे. प्रत्यक्षात ती माणसे पहिल्या आठवड्यात भेटली असती, तर मुलाची बद्धकोष्ठता, झोप आणि माझी भीती, तिन्हींची काळजी तेव्हाच घेतली गेली असती. शेवटी मॉर्फिनच्या थेंबांनी त्याची धाप शमली आणि तो घरी, आपल्या अंथरुणावर होता.

बाबा_बदलापूर

ताई, वाचून मी आणि बायको बराच वेळ काही बोललो नाही. मधल्या काळात किरणोपचार सुरू झाले, आता चौथा आठवडा चालू आहे आणि त्याचा डोळा थोडा सरळ झाला आहे. तो शाळेत जायचा हट्ट करतो. घरच्यांचे म्हणणे, आता कशाला. त्याला काय सांगायचे तेही कळत नाही.

आई_लालबाग

पाठवा. शेकाची वेळ सकाळची करून मागा, दुपारची दोन तासच शाळा झाली तरी चालेल. बाईंना आधी भेटा. मुले ‘तुझा चेहरा असा का’ असे विचारतील, त्याचे उत्तर वर्गाला त्यांनीच द्यावे. त्याला खोटे सांगू नका. माझ्या मुलाला मी सांगितले होते की, डोक्यात एक गाठ आहे, ती तुझ्यामुळे झालेली नाही, आणि आम्ही रोज तुझ्याबरोबर असणार आहोत. पुढचे जेवढे त्याने विचारले तेवढेच सांगितले. त्याने फार कमी विचारले. सहामाही परीक्षा त्याने घरी तोंडी दिली. बाई स्वतः पेपर घेऊन आल्या होत्या.

बाबा_बदलापूर

आज शाळेत जाऊन आलो. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला जागा दिली आहे, म्हणजे तोल गेला तरी आधार मिळेल. सोमवारी शेक झाल्यावर परळहून दहा चाळीसची गाडी पकडून त्याला थेट वर्गात सोडणार आहे.